ऐंशीचं दशक: आठवणींची मैफल की इतिहास?

अमेरिकेच्या ऐंशीच्या दशकावरचे दोन कार्यक्रम: व्हीएच-वन या संगीतवाहिनीचा ‘आय लव्ह द एटीज’ (२००२) आणि सीएनएनचा ‘द एटीज’ (२०१६).

पहिल्याचा साचा बीबीसीच्या ‘आय लव्ह द सेव्हन्टीज’चा (२०००). एका भागात एक वर्ष, असे दहा भाग. विनोदवीर, गायक, नट कॅमेऱ्यासमोर बसून रुबिक क्यूब, पॅक-मॅन हा व्हिडिओ गेम, फुगवलेले केस यांवर भराभर बोलतात. विसरलेली धून अचानक ओठांवर येते, हा आनंद खरा आहे. पण एखादी गोष्ट लोकांना इतकी का भावली, हे कळण्याआधीच पुढची येते.

दुसऱ्याच्या निर्मात्यांत अभिनेते टॉम हँक्स आहेत. सात भाग, विषयवार: टीव्ही, राष्ट्राध्यक्ष रेगन, शीतयुद्ध, एड्स, वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार, तंत्रज्ञान, संगीत. जुनं चित्रण इथे पुरेसा वेळ चालू राहतं, माणसांचे चेहरे वाचता येतात. एड्सवरचा भाग तर चुकवूच नका. एमटीव्ही या संगीतवाहिनीच्या झगमगाटाची तीच वर्षं. तेव्हाच तरुण मुलं मरत होती आणि त्यांचे मित्र औषधांसाठी रस्त्यावर उतरले होते. हे कळल्यावर ती गाणीही मला वेगळी ऐकू येऊ लागली.

तो काळ जगलेल्या मित्रांसोबत बसायचं असेल तर पहिला लावा. एकटं पाहायचं तर निःसंशय दुसरा.