नवा तुरुंग बांधायचा की मुक्काम कमी करायचा?

अमेरिकेतल्या भाचीचा फोन: "मामा, काउंटी जेल, म्हणजे आमच्या जिल्ह्याचा तुरुंग, वाढवायला कर्जरोखे काढायचेत, मतदान आहे. हो म्हणू की नाही?"

आधी हिशेब सांगितला. रोज २० जण आत येतात, सरासरी १५ दिवस राहतात, म्हणजे ३०० खाटा. तारखा लवकर लावून मुक्काम १२ दिवसांवर आणला, तर २४० पुरतात. वीटही न रचता! तिथल्या काउंटी जेलात बहुतेक जण दोषी ठरलेलेच नसतात. अनेकांकडे जामिनाचे पैसे नसतात, इतकंच.

खर्चाचं म्हणाल तर इमारत एकदाच बांधतात, पहारेकऱ्यांचे पगार आणि औषधपाणी मात्र दरवर्षी. कष्ट दुसऱ्या वाटेत जास्त: न्यायाधीश, सरकारी वकील, शेरीफ (जेल सांभाळणारा काउंटीचा पोलीसप्रमुख) यांना एका टेबलाशी बसवणं सोपं नाही. तरी न्यू जर्सीने २०१७ पासून रोख जामीन जवळपास थांबवला आणि खटल्याआधीचे कैदी बरेच घटले. इलिनॉयने २०२३ मध्ये तो रद्दच केला.

छत गळतंय, बायकांना वा मनोरुग्णांना वेगळी जागा नाही, तर बांधा, पण बेताचं. गर्दी नुसती तारखांमुळे असेल, तर आधी कोर्टाकडे बघा.