पहिलं बायप्लेन: एस.ई.५ए की सॉपविथ कॅमल?

पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ बायप्लेनचं, म्हणजे एकावर एक दोन पंख असलेल्या विमानाचं, प्लास्टिक मॉडेल बांधायचंय आणि गाडी या दोन नावांवर अडलीय, तर माझं मत आधीच सांगतो: आधी एस.ई.५ए, मग कॅमल. कॅमल जास्त देखणं आहे, हे मान्य करूनही.

आपला जीव दोन्हींत अडकू शकतो, कारण दोन्ही भारतीय वैमानिकांनी उडवली. हरदितसिंग मलिक १९१७ मध्ये २८ स्क्वाड्रनमधून कॅमल उडवत होते. कोलकात्याचा इंद्रलाल रॉय ४० स्क्वाड्रनमध्ये एस.ई.५ए उडवायचा. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत त्याच्या खात्यावर शत्रूची १० विमानं जमा झाली आणि २२ तारखेला तो स्वतःच पडला. वय १९.

आकारात फरक नाही म्हटलं तरी चालेल. १:४८ मध्ये (मूळ विमानाच्या ४८ पट लहान) कॅमल पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत सुमारे १८ सेंटिमीटर, एस.ई. १७. एडुआर्ड या मॉडेल कंपनीची या मापातली किट दोन्हींची आहेत. पहिल्याच वेळी १:७२ च्या वाटेला जाऊ नका. तिथले स्ट्रट (दोन पंखांमधले बारीक खांब) चिमट्यातून उडाले की फरशीवर सापडत नाहीत.

खरी परीक्षा वरच्या पंखाची. कॅमलचा वरचा पंख सरळ आणि खालचा टोकांकडे उचललेला. खालचा पंख चिकटवताना मिलिमीटरभर जरी झुकला, तरी वरच्या सरळ रेषेशेजारी ती चूक लगेच डोळ्यात भरते. एस.ई.चे दोन्ही पंख सारख्याच कोनात वर जातात. समोरून पाहून दोन्ही समांतर आहेत ना एवढंच बघायचं. शिवाय कॅमलच्या दोन्ही व्हिकर्स मशीनगन पुढच्या स्ट्रटांच्या मधोमध, त्यामुळे त्या रंगवून, बसवून मगच वरचा पंख चढवायचा. माझ्या पहिल्या कॅमलवर पंख किंचित सरकला, तो सावरताना एका बंदुकीची नळी तुटली, आणि सुपर ग्लूचा ओघळ कॉकपिटच्या कडेवर उतरला तो वेगळाच. एस.ई.मध्ये व्हिकर्स एकच, डावीकडे, अर्धी बॉडीत बुडालेली. दुसरी बंदूक, लुईस, वरच्या पंखावर. ती सगळं झाल्यावर शांतपणे बसवता येते.

पंखांमधल्या ताणाच्या तारांच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं नाही. प्रत्येक बाजूला स्ट्रटांची एकच जोडी. रंगाआधी ०.३ मिमीची भोकं पाडून ठेवा आणि ताणला जाणारा बारीक धागा वापरा, म्हणजे बोट लागलं तरी तार ढिली पडत नाही. डीकलही (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) वरचा पंख चढवण्याआधीच. नंतर मधल्या फटीत बोट जात नाही.

रंगात मात्र कॅमलची बाजू वरचढ. वरून पीसी-१० हा त्या काळचा लष्करी रंग आणि खालून कापडाचा साईसारखा रंग, हे दोन्हींना समान. पीसी-१० पिवळी माती आणि काजळी मिसळून व्हायचा, म्हणून तो हिरवा की तपकिरी हा वाद मॉडेलवाल्यांत कधी मिटत नाही. मी तपकिरीकडे झुकलेला हिरवा घेतो. पण कॅमलचं इंजिन पंख्यासकट गरगर फिरायचं आणि वंगणाचं एरंडेल बाहेर फेकायचं. पोटाखाली पातळ तपकिरी ओघळ काढायला जी मजा येते, ती एस.ई.मध्ये नाही. तिथे चौकोनी रेडिएटर आणि दोन्ही बाजूंनी मागे गेलेले लांब एक्झॉस्ट पाइप. त्यांना गंजाची छटा द्या, काळे ठेवू नका.

आणि पावसाळ्यात वॉर्निश मारणार असाल तर कोरडा दिवस बघा. दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं, आणि पीसी-१० वर ते लपत नाही.