"पाणी बदलायचं नाही" म्हणणाऱ्याकडून माशांची पिल्लं घेऊ नका, माझे १५,४८० गेले

लाज वाटते लिहायला पण लिहितो, कारण हा माणूस अजून धंदा करतोय. एंजल फिशची पिल्लं द्यायची, तीन महिने वाढवा मग मीच परत घेतो, ही स्कीम. हो हो, कडकनाथ कोंबडी घोटाळ्याचंच दुसरं रूप, कळतंय मला. त्या वेळी कोंबड्यावाल्यांना हसणाऱ्यांत मी पण होतो.

हिशोब असा. ३०० पिल्लं ३५ ने १०,५००. 'बॅक्टेरिया लिक्विड' (पाण्यातली घाण खाणारे बॅक्टेरिया म्हणे) ४ बाटल्या ८५० ने ३,४००. स्पंज फिल्टर ६, १८० ने १,०८०. स्टँप पेपरच्या नावाखाली ५००. परत घेणार ११० ला एक, म्हणजे ३३,००० येणार होते!! आले शून्य.

मी काय नवशिका नाही, ९ वर्षं गप्पी मॉली ठेवतोय. पण सोलापुरात राहतो, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यात एप्रिल, आणि तो म्हणाला की लिक्विड टाका, तीन महिने पाण्याला हात लावू नका. पाण्यासाठी तरसणाऱ्या माणसाला हेच ऐकायचं असतं हो.

आणि डोळ्यांनी बघून आलो होतो ना मी! त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा फरशी ओली, कोपऱ्यात दोन निळे ड्रम काठोकाठ भरलेले, आत एअर स्टोन बुडबुडतायत, आणि खिळ्याला सायफनची नळी लटकवलेली, तिच्या टोकातून थेंब थेंब गळत होतं. अरे जो पाणी बदलत नाही तो दोन ड्रम पाणी मुरवत कशाला ठेवेल? नळीवरून मी पाय उचलून पलीकडे गेलो, त्याचा चहा प्यायलो आणि जीपे केलं. रात्री झोपताना अजून तो थेंब दिसतो.

घरी चौथ्या दिवशी पिल्लं वर येऊन तोंड उघडायला लागली. फोन केला तर "पाणी बदलू नका, बॅक्टेरिया मरतील, डोस डबल करा". केला डबल, गाढवासारखा. (लिक्विडला गुळाच्या पाण्याचा वास येत होता, बायको पहिल्या दिवशीच बोलली होती.) सहाव्या दिवशी ४० मेली. मग टेस्ट किट आणलं, अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) गडद हिरवा, ४ पीपीएमच्या वर. दिवसाला पाच वेळा आर्टेमिया (पिल्लांचं बारीक खाद्य) टाकतो, उरलेलं तळाला सडतं, पाणी ३२ डिग्री, पीएच ८ च्या पुढे, अशात अमोनिया जास्तच विषारी होतो. मला माहीत होतं हे!! नवव्या दिवशी ११ उरली.

पिल्लांचं पाणी रोज २५-३०% तरी काढायचंच, एअरच्या बारीक नळीने तळ ओढा, बादलीत आधी बघा पिल्लू आलंय का, मगच ओता. नवीन पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं.

पोलिसांत गेलो तर साहेब म्हणे "मासे मेले? फ्राय करायचे ना". मग म्हणे हा सिव्हिल मॅटर, जिथे व्यवहार झाला तिथे जा. तिथे गेलो तर म्हणे तुम्ही राहता तिथे द्या. एका सरकारी ऑफिसात तीन चकरा, एकदा लंच, एकदा मीटिंग, तिसऱ्यांदा "शोभेचे मासे आमच्याकडे येत नाहीत". मग कुणाकडे येतात, पशुवैद्यकाकडे का आरटीओकडे? स्टँप पेपर बघितला तर त्यावर "पिल्लं जिवंत व निरोगी असल्यास" एवढी एक ओळ, ती पण मी वाचली नव्हती. ऑनलाइन पैसे गेले तर १९३० या सायबर हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करा, मी अकरा दिवस लाजेपोटी थांबलो. पूर्ण पैसे आधी देऊच नका. आणि विकणाऱ्याच्या घरी गेलात तर मासे नंतर बघा, आधी फरशी बघा.

मला त्याने ब्लॉक केलंय. काल बायकोच्या फोनवरून स्टेटस बघितलं, "नवीन बॅच, फक्त ५ जागा बाकी, नो वॉटर चेंज". फोटोत मागे तेच दोन निळे ड्रम.