फॅन आर्टवर अभिप्राय देताना: शब्दांत सांगावं की रेषेत दाखवावं?

फॅन आर्ट म्हणजे आवडत्या पात्राचं चाहत्याने काढलेलं चित्र. 'वन पीस' या जपानी कॉमिकमधला, स्वतः काढलेला लुफी समोर धरून कुणी विचारतं, "कुठे चुकलंय, सांग ना." तेव्हा एकतर बोलून किंवा लिहून सांगता येतं, नाहीतर चित्रावर नवा लेअर (वेगळा पारदर्शक थर) घेऊन लाल रेषेत दुरुस्ती दाखवता येते. या दुसऱ्या प्रकाराला चित्रं काढणारी मुलं 'ड्रॉ-ओव्हर' म्हणतात. मी दोन्ही करते, पण सारख्याच वेळी नाही.

'वन पीस'मधल्या लुफीचा हात रबरासारखा ताणला जातो. त्यामुळे मूठ थेट आपल्या अंगावर येतेय अशी पोझ प्रत्येकाला काढायची असते. माझ्या भाचीने ती काढली तेव्हा मूठ चेहऱ्यापेक्षा लहान होती आणि ठोसा हवेतच थांबल्यासारखा वाटत होता. "मूठ मोठी कर," मी म्हटलं. तिने केली, पण हात मनगटापासून खांद्यापर्यंत एकाच जाडीचा राहिला आणि काठीला फुगा बांधल्यासारखा दिसू लागला. "मागे जाताना निमुळता कर," म्हटलं, तर कोपरच नाहीसं झालं. शेवटी तिच्या लेअरची ओपॅसिटी कमी करून चित्र फिकं केलं आणि वर फक्त तीन लंबवर्तुळं काढली: मुठीपाशी मोठं, कोपरापाशी मध्यम, खांद्यापाशी लहान. ती बघून तिने स्वतःच हात पुन्हा काढला, आणि या वेळी तो खरंच पुढे आला. फोरशॉर्टनिंग (आपल्याकडे येणारा भाग मोठा आणि आखूड दिसणं), यथार्थदर्शन, शरीराचा तोल यांत शब्द फार लवकर थकतात. तिथे मी रेषेचीच बाजू घेईन.

पण रेषेची किंमतही मोठी आहे. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला बसलेल्यांना आठवत असेल, सर आपल्याच कागदावर पेन्सिल चालवायचे. चित्र सुधारायचं, पण ते घरी नेऊन दाखवताना आपलं वाटायचं नाही. मीही एकदा एका मुलाच्या चित्रातले डोळे पूर्ण काढून दिले. त्याच्या पुढच्या चारही चित्रांत माझेच डोळे होते, आणि त्याची स्वतःची जराशी तिरकी, बोलकी नजर गेली ती गेलीच. याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून मी आधी विचारते, फक्त सांगाडा दाखवते, तयार रेषा कधीच काढत नाही. चित्र कागदावर असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवते. मूळ कागदाला हात लावायचा नाही.

रंग, भाव आणि प्रसंग यांच्यासाठी मात्र शब्दच हवेत. लुफी खळखळून हसतोय आणि चेहऱ्यावर गडद निळी सावली आहे, तर ती चूक आहे की हेतू? ड्रॉ-ओव्हर करणारा ती सावली सरळ उजळून टाकेल. विचारलं तर कळतं की त्याला हसण्यामागचं दुःख दाखवायचं होतं, आणि मग बोलणं ती सावली अजून नेमकी कशी करायची याकडे वळतं. शैलीचंही तसंच. चिबी, म्हणजे मोठ्या डोक्याचं बुटकं गोंडस पात्र, म्हणून दोन-अडीच डोक्यांच्या उंचीचं शरीर काढलं असेल तर "डोकं मोठं झालंय" हा अभिप्रायच होत नाही.

शब्द निवडलेत तर त्यांना चित्रातली नेमकी जागा द्या. "छान आहे, अजून मेहनत घे" यातून हाती काहीच लागत नाही. "डावा खांदा कानाला टेकलाय, तो घाबरलाय का?" यातून लागतं. लुफीचा व्रण डाव्या डोळ्याखाली असतो. चुका शोधायला कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटवतात आणि परत फिरवायचा राहतो, मग व्रण उजव्या डोळ्याखाली जातो. अशा गोष्टीला एक वाक्य पुरतं, तिथे लाल रेषा नको.

वेळेचा हिशेब साधा आहे. नेमका लेखी अभिप्राय दहा मिनिटांत होतो, ड्रॉ-ओव्हरला सहज अर्धा तास जातो. ज्याचं चित्र पहिल्यांदाच बघताय त्याला शब्दच द्या, कारण त्याला काय साधायचंय हे तुम्हाला अजून माहीत नाही. तीच अडचण दोन-तीन चित्रांत परत दिसली आणि सांगूनही सुटली नाही, तर रेषा काढा.

फाइल परत पाठवताना मी लाल लेअर चित्रात मिसळत नाही, वेगळा ठेवते. भाची तो एकदा बघते आणि बंद करून पुन्हा काढायला बसते.