पावसाळ्यात मेघालय: मुक्काम शिलाँगला की सोहऱ्याला?

जून ते सप्टेंबरमधलं गुवाहाटीचं तिकीट काढून झालं की पहिला वाद हाच होतो. शिलाँगला चार रात्रींचं हॉटेल घ्यायचं आणि सोहरा, म्हणजे चेरापुंजी, एका दिवसात उरकायचं, की बॅगा उचलून सोहऱ्यालाच राहायला जायचं? अंतर जेमतेम ५५ किलोमीटर, गाडीला दीड-दोन तास. त्यामुळे बहुतेक टूरवाले पहिलाच पर्याय पुढे करतात. हिवाळ्यात तो बरोबर आहे. पावसाळ्यात पैसे आणि दिवस दोन्ही वाया जाण्याची शक्यता त्यातच जास्त.

फरक पडतो कुठे

उंची जवळपास सारखी. शिलाँग सुमारे १,५०० मीटरवर, सोहरा १,४०० च्या आसपास. हवाही सारखीच गार: पावसाळ्यात दिवसा २२ ते २४ अंश, रात्री १७-१८. फरक आहे तो पावसात. शिलाँगचा वर्षाचा पाऊस सुमारे २,२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण मुंबईइतका. सोहऱ्याची सरासरी ११,७७७ मिलिमीटर, महाबळेश्वरच्या जवळजवळ दुप्पट. मुंबईत अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याहून जास्त पाऊस सोहऱ्यात एकट्या जुलैत पडतो.

बंगालच्या उपसागरावरचे ढग बांगलादेशाच्या सखल मैदानावरून विनाअडथळा येतात आणि खासी टेकड्यांच्या दक्षिण कड्यावर आदळतात. हा कडा मैदानातून एकदम हजार-बाराशे मीटर वर चढतो, आणि त्यात घुसलेल्या खोल दऱ्यांत ढग कोंडतात. सोहरा त्या कड्याच्या तोंडावरच बसलंय. शिलाँग मागे, उत्तरेला. तिथे पोचेपर्यंत ढग बराचसा रिता झालेला असतो. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस पाचगणीला निम्म्याहून कमी आणि वाईला आणखी कमी का होतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

आता कामाची गोष्ट. सोहऱ्यातला जोराचा पाऊस बहुतांशी रात्री आणि पहाटे पडतो. म्हणजे अख्खा दिवस बुडतो असं नाही. पण रात्रभर कोसळल्यावर सकाळी दऱ्या ढगांनी गच्च असतात. त्या उघडतात त्या पाच-दहा मिनिटांपुरत्या, कधी सकाळी सातला, कधी दुपारी दोनला, कधी दिवसभर नाहीच. शिलाँगहून निघून अकराला पोचणारा आणि तीनला परत फिरणारा माणूस या उघडिपीवर जुगार खेळत असतो. सोहऱ्यात राहणाऱ्याला खिडकीतून दिसतं, की दरी मोकळी झाली, चला.

त्यात दिवसाचं गणित वेगळं. इतक्या पूर्वेला जूनमध्ये सूर्य साडेचारच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. आपल्याकडच्या सवयीने नऊला नाश्ता करून निघालात तर तिथल्या उजेडाचे साडेचार तास आधीच संपलेले असतात. शिलाँगच्या मुक्कामात ही चूक हमखास होते, कारण शहरातल्या हॉटेलांचा नाश्ताच उशिरा लागतो आणि नंतर शाळा-ऑफिसच्या वेळेची वाहतूककोंडी अडवते. शहराचे रस्ते अरुंद आणि चढउताराचे. बाहेर पडायलाच कधी कधी पाऊण तास जातो.

सोहऱ्यात पावसाळ्यातच जे दिसतं

मॉसमाईचे ‘सेव्हन सिस्टर्स’ धबधबे, म्हणजे नोहस्न्गिथियांग, हिवाळ्यात जवळपास कोरडे असतात. फोटोत दिसणाऱ्या रुंद धारा पावसाळ्यातल्याच. ३४० मीटरचा नोहकालिकाई वर्षभर वाहतो, पण हिवाळ्यात ती एक बारीक रेघ असते आणि खालचा डोह हिरवा-निळा दिसतो. पावसाळ्यात धार जाडजूड आणि डोह गढूळ. तेव्हा निळ्या डोहाचा फोटो डोक्यात ठेवून जुलैत जाऊ नका.

दिवस आखताना एवढंच करा: ढग खाली असला की गुहा, वर गेला की धबधबे. मॉसमाईच्या गुहेत दिवे आहेत, पर्यटकांसाठी मोकळा भाग सुमारे दीडशे मीटरचा आहे, आणि बाहेर काही दिसत नसलं तरी आत काही बिघडत नाही. दोन-तीन ठिकाणी अंग चोरून, वाकून जावं लागतं. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी आणि लहान मूल कडेवर घेतलेल्यांनी आत शिरण्याआधी विचार करावा. शिरल्यावर मागे रांग असते, परत फिरता येत नाही. फार जोराचा पाऊस झाला असेल तर आत पाणी साचतं. अरवाह गुहेत चुनखडीतले जीवाश्म दिसतात आणि गर्दी कमी असते.

वेई सॉडोंग या तीन टप्प्यांच्या धबधब्याला मात्र भर पावसात जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. खाली उतरायची वाट शेवाळलेली, मधे बांबूच्या शिड्या, आणि पाणी वाढलं तर खालच्या खडकावर उभं राहायला जागा उरत नाही.

नोंग्रियाट: खरा निर्णय इथेच ठरतो

नोंग्रियाट गावचा जिवंत मुळांचा दुमजली पूल, म्हणजे रबराच्या झाडांची मुळं वळवत वाढवून केलेला, पाहायचा असेल तर प्रश्न जवळपास सुटतोच: सोहरा. टिर्ना गावापासून खाली तीन हजारांहून जास्त पायऱ्या आहेत. उतरायला दीड-दोन तास, चढायला दोन-तीन. पावसात अर्धा तास जास्तच धरा. शिलाँगहून एका दिवसात हे जमतं असं सांगणारे भेटतील. कागदावर जमतं. पण सहालाच अंधारायला लागतं आणि ओल्या पायऱ्यांवर मोबाइलच्या उजेडात चढणं म्हणजे पाय मोडून घ्यायचं काम.

उतरताना घाम येत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत आणि मग चढताना पायांत गोळे येतात. पायऱ्या सिमेंटच्या आहेत. पायरीच्या मधोमध बहुतेक वेळा बरं असतं, शेवाळ कडेला धरतं. समोरून माणूस आला की आपण नेमके त्या कडेला सरकतो आणि घसरतो. अशा वेळी आपण थांबावं, समोरच्याला जाऊ द्यावं. टिर्नात बांबूची काठी मिळते, ती घ्याच. मधे तारांचे झुलते पूल लागतात. पावसात तारा निसरड्या होतात आणि खालून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज भल्याभल्यांना बावचळवतो. एका वेळी मोजकीच माणसं, हात दोन्ही मोकळे.

जळवा असणारच. मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी चोळा, चिकटली तर ओढू नका. नखाने कडेने सरकवत तिचं तोंड सोडवा. रक्त बराच वेळ येत राहतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, कापूस दाबून धरा.

पायांत दम असेल तर नोंग्रियाटलाच एक रात्र राहा. साधे होमस्टे आहेत, जेवायला डाळ-भात-बटाटा मिळतो, नेटवर्क धड नसतं. पुढच्या रेनबो फॉल्सची वाट मात्र पाऊस चालू असताना सोडून द्या. गावातला माणूस ‘आज नको’ म्हणाला तर त्यावर वाद घालू नये.

मग शिलाँग कुणासाठी?

सोबत सत्तरीचे आई-बाबा असतील, दोन-तीन वर्षांचं मूल असेल, किंवा पाऊस अंगावर घ्यायचा नसून फक्त गार हवेत चार दिवस काढायचे असतील, तर शिलाँगच. पाऊस येतो, जातो, मधे ऊनही पडतं. दवाखाने, औषधांची दुकानं, एटीएम हाताशी. मावलाईचं डॉन बॉस्को संग्रहालय सात मजली आहे आणि ईशान्येची ओळख करून घ्यायला त्याहून चांगली जागा नाही. भर पावसातली अर्धी दुपार आरामात जाते. वॉर्ड्स लेक, लैतुमख्राची कॅफे, पोलीस बझार. मॉफलांगची देवराई पंचवीस किलोमीटरवर आहे आणि पावसात ती सर्वांत सुंदर असते. आपल्याकडच्या देवरायांसारखाच तिथेही नियम आहे: आतलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही.

रविवारी शिलाँगचा बाजार बहुतेक बंद असतो. ईउदूह, म्हणजे बडा बाजार, पाहायचा असेल तर दुसरा वार ठेवा, आणि गमबूट घालून जा, पावसात तिथल्या बोळांत चिखल असतो. जुलैत जाणार असाल तर जोवाईच्या बेहदियेनख्लाम उत्सवाची तारीख आधी बघा. शिलाँगहून सुमारे ६५ किलोमीटर, आणि हे फक्त पावसाळ्यातच पाहायला मिळतं.

डावकीचं काय, हे सगळेच विचारतात. काचेसारखं पाणी आणि हवेत तरंगणारी होडी हे उमंगोट नदीचं रूप साधारण नोव्हेंबर ते मार्चमधलं. पावसाळ्यात नदी गढूळ, पाणी चढलेलं, नौकाविहार बहुतेक बंद. डावकीचा दिवस सरळ कापा आणि तो सोहऱ्याला द्या.

जेवणाचा फरकही लक्षात घ्या. शिलाँगमध्ये शाकाहारी थाळीपासून सगळं मिळतं. सोहऱ्यात पर्याय मोजके आणि रात्री लवकर बंद होणारे. आठनंतर जेवण शोधायला निघू नका, मुक्कामाच्या ठिकाणी दुपारीच सांगून ठेवा. मांसाहार करणाऱ्यांनी जादोह, म्हणजे मांस घालून शिजवलेला भात, आणि काळ्या तिळातलं डुकराचं मटण, दोहनेइऑन्ग, चुकवू नये. जादोह अनेकदा डुकराच्या रक्तात शिजवतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं.

सोहऱ्याच्या मुक्कामातल्या कटकटी

पत्र्यावरचा पाऊस रात्रभर इतका वाजतो की शेजारच्याशी बोलता येत नाही. झोप हलकी असेल तर कानात घालायचे बोळे न्या आणि खोली घेताना वर स्लॅब आहे का ते विचारा. वीज जाते. कपडे वाळत नाहीत, अगदी तीन दिवसांतसुद्धा. जीन्स आणि चामड्याचे बूट नेऊच नका: पटकन निथळणारी पँट, रबरी तळव्याच्या पकड असलेल्या सँडल, आणि झोपायचे कोरडे कपडे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले. रोजच्या भटकंतीचा एक जोड ओलाच राहणार हे गृहीत धरून तोच पुन्हा घाला. सगळे कपडे ओले करून बसण्यापेक्षा ते परवडतं.

छत्रीचा सोहऱ्यात उपयोग नाही, वाऱ्याने उलटी होते. तिथले शेतकरी क्नुप वापरतात: बांबूच्या विणीत पानं भरलेलं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारं, शिंपल्याच्या आकाराचं. आपलं कोकणातलं इरलंच. वाकून काम करताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि वारा पाठीवरून सरकून जातो. आपल्याला त्याची जागा जाड रेनसूटने भरून काढावी लागते. पातळ, फेकाऊ रेनकोट पहिल्याच सकाळी शिवणीत फाटतो.

रोख पैसे शिलाँगहूनच काढून न्या. आणि सोहऱ्याचा बाजार मोजून दर आठव्या दिवशी भरतो, म्हणजे दर वेळी वार बदलतो. पाहायचा असेल तर खोली घेतानाच दिवस विचारा.

कधी, किती रात्री, कसं जायचं

पाऊसच पाहायचा असेल तर जून-जुलै. धबधबेही हवेत आणि दरीही दिसायला हवी, तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरअखेर. पाणी भरपूर असतं आणि उघडीप जास्त वेळ टिकते. पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही सप्टेंबरच सुचवू.

पाच रात्री असतील तर शिलाँग एक, सोहरा तीन, परतीची शिलाँग एक. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील तर शिलाँग चार, सोहरा एक. सोहऱ्याची ती एक रात्रसुद्धा दिवसाच्या सहलीपेक्षा बरी, कारण पहिली दुपार आणि दुसरी सकाळ अशा दोन संधी मिळतात.

शिलाँगहून सोहऱ्याच्या शेअर सुमो बडा बाजाराजवळच्या स्टँडवरून सुटतात, भरल्यावर. दुपारनंतर दोन्हीकडून कमी होतात. सामान टपावर जातं आणि ताडपत्री नावापुरती असते, तेव्हा बॅगेच्या आत कचऱ्याची मोठी पिशवी लावून त्यात कपडे भरा. बाहेरून घातलेलं रेनकव्हर खालून पाणी धरतं. स्वतंत्र गाडी करणार असाल तर ती शिलाँगची करा. आसाम पासिंगच्या गाड्यांनी पर्यटनस्थळं फिरवण्याला स्थानिक टॅक्सीचालकांचा विरोध झालेला आहे, त्यात अडकायला नको. सोहऱ्याच्या वाटेवर मॉकडोकच्या पुढे धुकं दाट असतं. अंधार पडल्यावर हा रस्ता घेऊ नका.

हवामान खात्याचा ‘रेड’ इशारा वाचताना एवढं लक्षात ठेवा: दिवसाला २०४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस, जो खात्याच्या लेखी ‘अत्यंत मुसळधार’, सोहऱ्यात एका मोसमात अनेकदा होतो. एका दिवसाच्या इशाऱ्याने बेत मोडू नका, पण सलग दोन-तीन दिवसांचा असेल तर नोंग्रियाट रद्द करा. १७ जून २०२२ ला तिथे २४ तासांत ९७२ मिलिमीटर पडला होता. असा दिवस खोलीत बसूनच काढायचा.

परतीचं विमान सकाळचं असेल तर आदल्या रात्री गुवाहाटीत उतरा. दुपारचं असेल तर शिलाँगहून पहाटे पाचला निघा. अंतर सुमारे १२० किलोमीटर आहे, एरवी साडेतीन तास पुरतात; पण गुवाहाटीच्या वेशीवरच्या जोराबाटला पाणी तुंबलं की गाड्या तासन्‌तास हलत नाहीत, आणि विमानतळ शहराच्या पार पश्चिमेला आहे.