सिटीज: स्कायलाइन्स – पहिला घ्यावा की दुसरा?

ज्यांचा लॅपटॉप साधा आहे आणि शहर वसवण्याच्या खेळाची गोडी नुकतीच लागली आहे, त्यांनी ‘सिटीज: स्कायलाइन्स’चा पहिला भाग घ्यावा. घरात दमदार ग्राफिक्स कार्डाचा डेस्कटॉप असेल आणि रस्ते आखण्यातच जीव रमत असेल, तर दुसरा. इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या माझ्या भाच्यालाही मी हेच सांगितलं. “मावशी, नवा आलेला असताना जुना कशाला?” असं त्यानं विचारलं, आणि प्रश्न रास्तच होता. एरवी नवीन आवृत्ती आली की जुनीकडे कोणी बघत नाही. इथे उलटं का झालं, ते आधी समजून घेतलेलं बरं.

पहिला भाग १० मार्च २०१५ रोजी आला. फिनलंडमधल्या टांपेरे शहरातल्या कलॉसल ऑर्डर या छोट्या स्टुडिओनं तो बनवला, प्रकाशक स्वीडनची पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्ह. त्याआधी २०१३ मध्ये ‘सिमसिटी’ या शहर वसवण्याच्याच जुन्या खेळाची नवी आवृत्ती येऊन खेळाडू पार वैतागले होते. एकट्यानं खेळायचं तरी इंटरनेट लागणार, सर्व्हर बसले की शहरही बंद, आणि शहराची हद्द जेमतेम दोन किलोमीटर लांब-रुंद. पहिल्या स्कायलाइन्सनं या लोकांना मोकळी जमीन दिली. जवळजवळ दोन किलोमीटर बाजूचे नऊ चौकोन, इंटरनेटची सक्ती नाही, आणि पहिल्या दिवसापासून स्टीम या ऑनलाइन खेळ-दुकानाच्या वर्कशॉपवरून मॉड, म्हणजे खेळाडूंनी बनवलेले बदल आणि इमारती, घ्यायची सोय. दुसऱ्या कंपनीनं ज्या खेळाडूंना दुखावलं, त्यांनीच ही मालिका मोठी केली. म्हणूनच तिच्या पुढच्या भागानं निराश केलं तेव्हा ते त्यांना फार लागलं.

दुसरा भाग २४ ऑक्टोबर २०२३ रोजी फक्त पीसीवर आला. कन्सोलची आवृत्ती आधीच पुढे ढकलली गेली होती. खेळ ठरवलेल्या वेगापर्यंत पोहोचलेला नाही, हे कंपनीनं प्रकाशनाआधी स्वतःच सांगितलं होतं. शिफारस केलेलं कार्ड होतं आरटीएक्स ३०८०, तेही १० जीबीचं. इतकं असूनही चांगल्या मशीनवर चित्र अडखळत होतं. काही जाणकारांनी खेळाचं काम आतून तपासलं, तेव्हा दिसलं की रस्त्यावरच्या माणसांच्या मॉडेलमध्ये तोंडातले दातसुद्धा वेगळे कोरलेले आहेत. वरून शहर बघताना माणूस ठिपक्याएवढा दिसतो, पण त्या दातांचा भार कार्डावर पडतच असे. वस्तू लांब गेली की तिचं हलकं, कमी तपशिलाचं रूप दाखवायचं, ही या प्रकारच्या खेळांची नेहमीची युक्ती. इथे बऱ्याच वस्तूंना असं रूप दिलेलंच नव्हतं.

वेगाची तक्रार सगळ्यात जास्त गाजली, पण माझ्या मते खरं दुखणं वेगळं होतं. वेग पॅचनं, म्हणजे कंपनीनं नंतर दिलेल्या दुरुस्तीनं सुधारतो, नवीन कार्डानंही सुधारतो. शहर वसवणाऱ्याला लागतं ते हे, की आपण एक गोष्ट केली की तिचा परिणाम दिसावा.

पहिल्या भागात तो दिसतो, आणि इंदूरच्या माणसाला तर चटकन कळतो. आपल्याकडे सकाळी कचऱ्याची गाडी दारात येते हे आपण धरूनच चालतो. खेळात एक चौक तुंबू द्या आणि बघा. कचऱ्याची गाडी मागे अडकते, घरांपुढे कचरा साचतो, माणसं आजारी पडतात, त्यांना न्यायला निघालेली अँब्युलन्स त्याच चौकात उभी राहते, आणि थोड्या वेळानं घरं रिकामी व्हायला लागतात. सगळं बिघडलं ते एका उजव्या वळणामुळे, हे तुम्हाला शोधता येतं आणि दुरुस्त करता येतं. सांडपाण्याचा पाइप चुकून पाणी उपसण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला टाकला, तर नदीच्या प्रवाहाबरोबर घाण खाली येते आणि अख्खं गाव आजारी पडतं. खेळ शिकवतो तो असा.

दुसऱ्या भागात सुरुवातीला नेमका हा धागा तुटलेला होता. तोट्यातलं शहर सरकारी अनुदानावर तरून जायचं, त्यामुळे चुकीच्या निर्णयाची झळच बसत नसे. कारखान्याचा माल कुठून येतो, कुठे जातो, याचा मेळ लागत नव्हता. घरांवर ‘भाडं परवडत नाही’ची खूण झळकायची आणि नेमकं काय करावं ते समजायचं नाही. इतकी सुंदर शहरं आणि त्यांत निर्णयाला वजन नाही, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

त्यात मॉड नाहीत. दुसऱ्या भागानं स्टीम वर्कशॉप सोडून प्रकाशकाच्या स्वतःच्या पॅराडॉक्स मॉड्सची वाट धरली, पण ती सोय प्रकाशनाच्या दिवशी नव्हतीच. मार्च २०२४ मध्ये ती चाचणी स्वरूपात आली, आणि खेळाडूंनी बनवलेल्या इमारतींना तर त्यानंतरही फार वाट पाहावी लागली. त्याच मार्चमध्ये, मूळ खेळ धड नसताना, ‘बीच प्रॉपर्टीज’ नावाची पैसे देऊन घ्यायची भर विक्रीला काढली. स्टीमवर तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. एप्रिलमध्ये कंपन्यांनी माफी मागितली, पैसे परत केले आणि ती भर फुकट करून टाकली. हे त्यांनी योग्यच केलं.

जून २०२४ मध्ये अर्थव्यवस्था नव्यानं मांडणारा मोठा पॅच आला. सरकारी अनुदान गेलं, घरभाड्याचं गणित बदललं, आणि खेळात पहिल्यांदा पैशाची चिंता आली. आजचा दुसरा भाग २०२३ चा राहिलेला नाही, हे मान्य करायलाच हवं. मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये पॅराडॉक्स आणि कलॉसल ऑर्डर वेगळे होत असल्याचं जाहीर झालं, आणि २०२६ पासून हा खेळ टांपेरेच्याच आइसफ्लेक स्टुडिओकडे आहे. पुढच्या सुधारणा नव्या माणसांच्या हातून येणार, हे धरूनच पैसे घालावेत.

मग दुसरा घ्यायचा तरी कशासाठी? रस्त्यांसाठी. इथे मी पहिल्याची बाजू घेणार नाही. पाणी, सांडपाणी आणि वीज रस्त्याखालूनच जाते, त्यामुळे गल्लोगल्ली पाइप टाकत बसावं लागत नाही. समांतर रस्ता एका ओढीत निघतो, चौकावर गोल चक्कर थेट ठेवता येतं. गाड्या लेन बदलतात, पार्किंग शोधतात, वेळ आणि खर्च बघून वाट निवडतात. पहिल्या भागात मॉड नसतील तर सगळ्या गाड्या एकाच लेनमध्ये रांग लावतात आणि शेजारच्या लेन मोकळ्या राहतात. हे बघून डोकं उठतं. शिवाय पहिल्यात एका वेळी ६५,५३६ च माणसं फिरू शकतात. दुसऱ्यात अशी मर्यादा घातलेली नाही, तुमचं मशीन झेपेल तितकं. जमिनीचे तुकडेही ४४१, पहिल्याच्या चौकोनांपेक्षा लहान असले तरी.

आपल्या ए. बी. रोडसारखा रस्ता वसवून बघायची हौस इथल्या प्रत्येकाला येते. गीता भवन, पलासिया, एलआयजी, विजयनगर असे चौक एका ओळीत, आणि त्यात २०१३ मध्ये आलेला, नंतर हटवायचा ठरलेला बीआरटीएस, म्हणजे बसचा स्वतंत्र मार्ग. डावीकडून वाहतुकीचा पर्याय दोन्ही भागांत आहे, तो नकाशा सुरू करतानाच निवडा. बसची स्वतंत्र लेन आणि सायकली पहिल्यात ‘आफ्टर डार्क’ ही भर घेतल्यावर मिळतात. दुसरा आला तेव्हा त्यात सायकलीच नव्हत्या. पहिल्यात ‘ट्रॅफिक मॅनेजर: प्रेसिडेंट एडिशन’ हा फुकट मॉड टाकला की कोणत्या लेननं कुठे वळायचं आणि सिग्नल किती वेळ ठेवायचा, हे तुम्ही ठरवता, आणि ती एक-लेनची कटकट बऱ्याच अंशी मिटते. सराफ्यासारखा गाड्या बंद असलेला रस्ता हवा असेल तर ‘प्लाझाज अँड प्रोमेनेड्स’ ही भर. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरच्या नगररचनेचा अहवाल दिला. जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा गरज तिथेच हात लावावा, असं त्यांचं म्हणणं होतं. तसं हळूहळू, गल्ली राखत शहर वाढवायचं असेल, तर मला पहिलाच भाग जास्त साथ देतो, कारण वर्कशॉपवर लहानमोठ्या इमारतींचा प्रचंड साठा आहे. साठा वापराल तितकी रॅम मात्र खाईल. ८ जीबीवर हात आखडता ठेवा, १६ असेल तर बरं.

दुसऱ्यासाठी सिल्व्हर मॉलमध्ये कार्ड बघायला जाणार असाल, तर नुसत्या ‘गेमिंग’ या शब्दावर जाऊ नका. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, किती ते विचारा, आणि ८ जीबीच्या खाली या खेळासाठी पैसे घालू नका.

पहिल्याच्या सगळ्या भरी एकदम घेऊ नका. आधी मूळ खेळ, मग ‘मास ट्रान्झिट’, आवड टिकली तर ‘इंडस्ट्रीज’. सेलमध्ये या बऱ्याच स्वस्त होतात. पहिल्यातलं शहर दुसऱ्यात नेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि दुसरा घेतलात तर स्टीमचा नियम माहीत हवा. खरेदीपासून १४ दिवसांत, आणि दोन तासांहून कमी खेळला असाल, तरच खेळ परत करता येतो. दोन तासांत शहर लहानच राहतं आणि सगळं सुरळीत चालतं. मशीन दमतं ते वस्ती वाढल्यावर. म्हणून पहिल्याच बैठकीत अमर्याद पैसा आणि सगळं खुलं असे दोन्ही पर्याय चालू करा, मोठाले भाग एकदम रहिवासी करून टाका, वेळ पूर्ण वेगानं पळवा, आणि गर्दीच्या चौकावर खाली उतरून बघा. तिथे चित्र अडखळलं तर त्याच दिवशी परत करा.