सावंतवाडीची दशावतारी गंजिफा: खेळायला घ्यावी का?

सावंतवाडीहून लोक लाकडी फळं घेऊन येतात. मी पत्त्यांतला किडा, म्हणून तिथल्या एका दुकानातून दशावतारी गंजिफेचा, म्हणजे अवतारांच्या चित्रांच्या जुन्या गोल पत्त्यांचा, हाताने रंगवलेला संच उचलला. काही हजारांची फोडणी बसली. शोकेसमध्ये ठेवायला नाही, खेळायलाच घेतला.

एकूण १२० गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याला मासे, कूर्माला कासवं, वराहाला शंख, नरसिंहाला चक्रं. परशुरामाची नव्वी हातात घेऊन बघा: नऊ परशूंपैकी एकाचाही दांडा दुसऱ्यासारखा नाही, तरी मांडणी अशी की एक परशू हलवला तर पान बिघडेल. डबीसुद्धा रंगवलेली, सरकत्या झाकणाची. नुसत्या चित्रकारीसाठी पैकीच्या पैकी.

खेळाला तीन गडी लागतात, प्रत्येकी चाळीस पानं. एवढी गोल पानं एका हातात धरणं ही कसरतच आहे, लहान मुलांना जमत नाही. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी, दिवेलागणीनंतर कृष्णाचा. राजा-प्रधानाखालोखाल अर्ध्या अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या अर्ध्यांत एक्का. इथेच नवख्यांची दांडी उडते. मेंढीकोटासारखा एका रंगाचा हुकूम नाही. ज्या रंगात जे सगळ्यात मोठं पान शिल्लक, तोच त्या रंगाचा हुकूम. म्हणजे काय पडलं आणि काय राहिलं ते डोक्यात ठेवायचं, तेही दहा रंगांत! आमच्या सोसायटीतले रमीबहाद्दर पहिल्याच डावात घामाघूम झाले.

आता तक्रारी. सोबतचा नियमांचा कागद म्हणजे थट्टा आहे, चार ओळींत खेळ गुंडाळलाय. दोन रंगांची जमीन (पानाची पार्श्वभूमी) इतकी सारखी की ट्यूबलाइटखाली कळत नाही. आणि पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात.

खेळ मूळचा इराणकडचा. बाबराने १५२७ साली सिंधच्या शहा हसनला गंजिफा पाठवल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. मोगली गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. ताज, शमशेर, गुलाम असे तिचे रंग. इकडे रुजताना त्यांच्या जागी अवतार आले. बंगालात बिष्णुपूरला, ओडिशात रघुराजपूरला, म्हैसूरला अशीच आपापली गंजिफा झाली. सावंतवाडीत मात्र छापील पत्त्यांपुढे ही कला जवळजवळ संपली होती. १९७०च्या सुमारास सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. दरबार हॉलमध्ये बसून कारागीर पानं रंगवतात, ते बघायला तरी जाच. रंगवणाऱ्याने आधी पातळ ब्रशने पानाची गोल कड काढली, मग आतला मासा. मान वर न करता.

घ्यायचीच तर दुकानात सगळी पानं टेबलावर पसरून रंग नीट वेगळे दिसतात का ते बघा, मोठ्या आकाराचा संच मागा, आणि नियम कुणा जाणत्याकडून शिकून घ्या. नुसती भेट द्यायची असेल तर एकेकटी फ्रेम केलेली पानंही मिळतात, पण मग डाव कसा मांडणार? पाचपैकी चार तारे. एक त्या कागदापायी कापला.